स्टार वॉर्स: पुढचे भाग हवेच होते का? आणि मुळात हा सिनेमा नेमका कोणाचा?

फलाट_पाच

डोंबिवलीत आमच्या चाळीखाली एक कॅसेट लायब्ररी होती. १९८८-८९ सालची गोष्ट. त्या माणसाकडे स्टार वॉर्सचा पहिला भाग होता आणि तिसरा होता. दुसरा कधीच नव्हता. 'येतोय, येतोय' करत त्याने आम्हाला दोन उन्हाळी सुट्ट्या झुलवलं. त्यामुळे आमच्यासाठी पहिल्या भागाच्या शेवटी गळ्यात पदक घालून दात काढणारा हॅन सोलो तिसऱ्याच्या सुरुवातीला थेट जब्बा नावाच्या अजस्र गोगलगायीच्या दिवाणखान्यात, पाट्यासारखा दगड होऊन भिंतीवर टांगलेला. मधे काय झालं? मग ते आम्हीच रचलं. चाळीच्या गच्चीवर, पाच-सहा जणांनी, भांडत भांडत.

हे आठवायचं कारण, मागच्या महिन्यात लेकीबरोबर नऊच्या नऊ भाग ओळीने पाहिले. सहावा (म्हणजे आमच्या लायब्ररीतला तिसराच; १९९९ पासून आधीची कथा सांगणारे तीन भाग, प्रीक्वेल, निघाले, म्हणून कथेच्या क्रमाने तो सहावा) संपला तेव्हा ती उठून पाणी प्यायला गेली आणि तिथूनच म्हणाली, "मस्त. संपलं ना?" मी म्हटलं, अजून तीन आहेत. ती म्हणाली, "का?"

मला उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. १९८३ च्या भागात नायक ल्यूक रात्री जंगलात चिता रचतो आणि खलनायक डार्थ व्हेडरचं चिलखत जाळतो. मुलाने बापाला अग्नी दिला. आपल्याकडे याच्यापुढे गोष्ट जात नाही. तेराव्याचं जेवण होतं आणि पाहुणे आपापल्या गावी परततात. २०१५ साली गोष्ट पुन्हा सुरू करायची म्हणून जे जे मिळवलं होतं ते सगळं मोडावं लागलं. हॅन आणि राजकन्या लेया वेगळे झालेले, ल्यूक बेपत्ता, साम्राज्य नव्या नावाने परत हजर, आणि ते ग्रह उडवणारं यंत्र आधीपेक्षा मोठं. तीस वर्षं म्हाताऱ्या झालेल्या या माणसांना पाहून घशात आवंढा आला हे कबूल. पण तो त्यांच्या वयामुळे आला का गोष्टीमुळे, हे अजून नीट सांगता येत नाही.

दुसरा प्रश्न त्याला जोडूनच. 'लुकासचं होतं तोवर बरं होतं, डिस्नेने वाट लावली' असं सगळीकडे वाचतो. (जॉर्ज लुकास म्हणजे हे सगळं सुरू करणारा दिग्दर्शक; त्याने पुढे आपली कंपनी डिस्नेला विकली.) पण ते खरंच एकट्या लुकासचं होतं का?

जायफळ

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर.

काळी_पाटी

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यावर माझी जुनी खाज आहे.

डार्थ व्हेडर कोणी केला? सेटवर चिलखतात उभा होता डेव्हिड प्राउज, ब्रिस्टलकडचा आडदांड वेटलिफ्टर. तो संवादही म्हणायचा, त्याच्या गावाकडच्या हेलात. ते पुसून त्यावर आवाज बसवला जेम्स अर्ल जोन्सचा, आणि या जोन्सने पहिल्या दोन भागांत श्रेयनामावलीत नाव घालू दिलं नाही, म्हणे मी काय, नुसता आवाज. तो धापा टाकणारा श्वास ध्वनिकार बेन बर्टने पाण्याखाली पोहणाऱ्यांच्या श्वास घ्यायच्या उपकरणात मायक्रोफोन घालून पकडला. श्वास लागावा असा मुखवटाच मुळात आला राल्फ मॅक्वॉरी या चित्रकाराच्या डोक्यातून. पटकथेत व्हेडर एका जहाजावरून दुसऱ्या जहाजात शिरतो, मधे अवकाश आहे, मग हा माणूस श्वास कशाने घेणार, असा चित्रकाराचा साधा प्रश्न. चित्रावरून कपडे केले जॉन मोलोने, मुखवटा मातीत घडवला ब्रायन म्युरने. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागातली तलवारबाजी बरीचशी बॉब अँडरसनची, हा ऑलिंपिकमध्ये खेळलेला. आणि शेवटी मुखवटा निघतो तेव्हा आत दिसतो चौथाच इसम, सबॅस्टियन शॉ.

म्हणजे बापाचा चेहरा एकाचा, आवाज एकाचा, अंग एकाचं, हात एकाचे, श्वास आणखी एकाचा. आणि आपण वर्षानुवर्षं म्हणतोय, 'लुकासने काय व्हिलन उभा केलाय!'

मोगरा_उशिरा

अवांतर, पण राहवत नाही. आपल्याकडे तात्या विंचू. बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा, आणि घाबरणारा लक्ष्या. लक्ष्या गेल्यावर २०१३ साली दुसरा भाग आला, थ्रीडीत. तात्या विंचू तोच होता. पण अहो, घाबरणारा माणूस गेला की बाहुल्याला कोण विचारतो?

जायफळ

@मोगरा_उशिरा, यावर वेगळा धागा काढा, शतक नक्की.

खटपट्या_रोटो

मी मुंबईतच कॉम्पोझिटिंग करतो, म्हणजे वेगवेगळी चित्रं एकावर एक जुळवून एक दृश्य करतो, कोणासाठी ते विचारू नका. आमच्या क्षेत्रातल्या कोणालाही विचारलंत तर तो १९७५ पासून सुरुवात करेल. लॉस एंजेलिसजवळ व्हॅन नाइस भागातल्या एका गोदामात लुकासने पोरं जमवली, कारण फॉक्स स्टुडिओने स्वतःचा स्पेशल इफेक्टचा विभाग तेव्हा गुंडाळला होता. त्या गोदामाचं नाव इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक. आज तिची एक शाखा मुंबईत आहे, हे माझ्या आईला अजून पटत नाही.

त्यांनी केलं काय, तर जॉन डायक्स्ट्राने एक कॅमेरा उभा केला, जो एकदा केलेली हालचाल जशीच्या तशी पुन्हा करू शकतो. यात एवढं विशेष काय? तर जहाजाचं मॉडेल जागेवर स्थिर असतं, कॅमेरा त्याच्याभोवती फिरतो. पडद्यावर जहाज फिरल्यासारखं दिसतं. पण त्याच चित्रात दुसरं जहाज, मागे तारे, लेझर असं सगळं वेगवेगळं शूट करून एकावर एक छापायचं, तर प्रत्येक वेळी कॅमेऱ्याची चाल केसाइतकीही चुकता कामा नये. माणसाच्या हाताने ते होत नाही. म्हणून यंत्राला चाल पाठ करायला लावली.

हे सगळं जुळवण्यात त्यांचं जवळजवळ वर्ष गेलं आणि लुकास इंग्लंडातलं शूटिंग उरकून परत आला तेव्हा दाखवण्यासारखे शॉट मोजून काही हातावर. आणि निम्मा पैसा खर्च. असा रिव्ह्यू माझ्या वाट्याला आला असता तर मी दुसऱ्या दिवशी गावी भाताची लावणी करायला गेलो असतो.

मग एडिटिंगला हाती काहीच नाही, तेव्हा दुसऱ्या महायुद्धावरच्या सिनेमांतली विमानांची झटापट कापून त्या जागी चिकटवली. एक कट अवकाशयानाच्या आतल्या वैमानिकाचा, पुढचा कृष्णधवल जपानी विमानाचा. तेच बघून आमच्या पूर्वजांनी एकेक शॉट तसा हलवला. म्हणजे ती शेवटची लढाई कोणी दिग्दर्शित केली? काही अंशी १९४०-५० च्या युद्धपटांच्या कॅमेरामननी.

फलाट_पाच

@खटपट_रोटो (की खटपट्या), दंडवत घ्या. आवाजाबद्दलही लिहा ना.

खटपट्या_रोटो

खटपट्या. आवाज माझा प्रांत नाही, पण जे सगळ्यांना ठाऊक आहे ते सांगतो. लाईटसेबरची, म्हणजे त्या प्रकाशाच्या तलवारीची, गुणगुण म्हणजे जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरचा आवाज, अधिक टीव्हीच्या पिक्चर ट्यूबजवळ मायक्रोफोन गेला तेव्हा आलेली चुकार खरखर. बर्टने मग तो आवाज स्पीकरवर लावला आणि त्याच्यासमोर दुसरा मायक्रोफोन हवेत फिरवला, म्हणून तलवार फिरताना 'व्वूंऽ' होतं. बंदुकीची गोळी म्हणजे रेडिओ मनोऱ्याला ताणून बांधलेल्या तारेवर हातोडी. शत्रूच्या त्या किंचाळणाऱ्या विमानांत हत्तीचा चीत्कार आहे, त्यात ओल्या रस्त्यावरून जाणारी गाडी मिसळली आहे. हॅनचा केसाळ साथीदार चुबाका बोलतो त्यात मुख्यतः अस्वल.

काळी_पाटी

आणि एडिटिंगचं ऑस्कर मिळालं ते तिघांना: पॉल हर्श, रिचर्ड च्यू आणि मार्शिया लुकास. मार्शिया म्हणजे तेव्हाची मिसेस लुकास. वैमानिकांच्या बडबडीची रीळंच्या रीळं उपसून शेवटची लढाई तिने बांधली, त्यात तिचे दोन महिने गेले. १९८३ साली दोघांचा घटस्फोट झाला. पुढे १९९९ पासूनचे प्रीक्वेल बघताना मला राहून राहून वाटतं, त्या खोलीत 'जॉर्ज, हे चालणार नाही' म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. निर्माता गॅरी कर्ट्झ दुसऱ्या भागानंतरच बाहेर पडला होता.

बाजारहक्काचा किस्सा सगळ्यांना माहीत असेलच. 'अमेरिकन ग्राफिटी' हा आधीचा सिनेमा चालल्यावर लुकासने पहिल्या भागासाठी मानधन वाढवून मागितलं नाही, पुढच्या भागांचे आणि खेळण्या-टीशर्टचे हक्क मागितले. फॉक्सने दिले. त्यातूनच दुसरा भाग त्याने स्वतःच्या पैशाने आणि बँकेच्या कर्जावर काढला. गंमत बघा, कोणाचीही परवानगी लागू नये म्हणून धडपडलेला माणूस शेवटी खरोखरच कोणाचीही परवानगी न लागणारा माणूस झाला, आणि तिथेच घोडं अडलं.

मोगरा_उशिरा

थांबा, थांबा. सगळं लोकांवर ढकलून लुकासला अगदीच निकालात काढताय. नेमकी ही माणसं जमवली कोणी? मॅक्वॉरीकडून आधी चित्रं काढून घ्यायची आणि मग ती दाखवून स्टुडिओकडून पैसे मिळवायचे, हे कोणाला सुचलं? संगीत त्या काळच्या फॅशनप्रमाणे सिंथेसायझरवर न करता लंडन सिम्फनीचा अख्खा वाद्यवृंद घ्यायचा, हे कोणी मान्य केलं? लग्नाला स्वयंपाक आचारी करतो, वाढपी वाढतात, मांडववाला मांडव घालतो. तरी कार्य कोणाकडचं, तर ज्याने अक्षत दिली त्याच्याकडचं.

संध्या_लोकल

आता पहिल्या प्रश्नावर येऊ या का? मला धागाकर्त्यांचं 'बापाला अग्नी दिला, गोष्ट संपली' हे वाक्य खटकलं.

आपल्या सर्वांत मोठ्या गोष्टीची अठरा पर्वं आहेत. युद्ध कुठे संपतं? दहाव्यात. अकराव्या स्त्रीपर्वात चिता पेटतात. आणि त्यानंतर? शांती, अनुशासन, आश्वमेधिक, आश्रमवासिक, मौसल, महाप्रस्थानिक, स्वर्गारोहण. चितेनंतर सात पर्वं शिल्लक! तेराव्याचं जेवण जेवून कोणी घरी गेलेलं नाही. व्यासांनी सगळ्यांना बसवून ठेवलंय आणि सांगितलंय की बाबांनो, जिंकल्यानंतर काय होतं ते ऐकून जा.

त्यात मौसलपर्व बघा. यादव आपापसांत लव्हाळ्याची मुसळं करून मरतात. अर्जुन द्वारकेच्या बायका-मुलांना घेऊन निघतो, वाटेत साधे आभीर काठ्या घेऊन अंगावर येतात, आणि या जगज्जेत्याला गांडीवाला दोरी कशीबशीच चढवता येते. अस्त्रांचे मंत्र आठवत नाहीत. बायका डोळ्यांदेखत पळवून नेल्या जातात.

२०१७ च्या भागातला म्हातारा ल्यूक मला तिथून आल्यासारखा वाटला. बेटावर जाऊन बसलेला, फोर्सशी, म्हणजे त्या विश्वातल्या गूढ शक्तीशी, नातं तोडलेला, 'माझ्याच्याने होणार नाही' म्हणणारा. त्यावर जगभर किती शिव्या पडल्या! खुद्द मार्क हॅमिलला ते पटलं नव्हतं आणि त्याने तसं बोलूनही दाखवलं. पण मला पटलं. जिंकलेला माणूस म्हातारा होतो आणि त्याचा धनुष्याचा हात उठत नाही, ही गोष्ट सांगायलाच हवी होती. त्यासाठी पुढचे भाग हवेच होते.

फलाट_पाच

निरुत्तर. म्हणजे अगदी निरुत्तर नाही, पण आज रात्री मौसलपर्व काढून वाचतो आणि मग बोलतो.

गावठी_विंदाळू

संध्याताई, उपमा सुंदर. पण मग २०१९ चा भाग कोणत्या पर्वात बसवता? व्यासांनी स्वर्गारोहणाच्या तोंडावर दुर्योधनाला पुन्हा जिवंत करून नवीन सैन्यासकट उभा केलेला नाही. सम्राट पॅल्पटीनला १९८३ साली व्हेडरने उचलून विवरात फेकला. तो परत येतो, आणि कसा परत आला याचं स्पष्टीकरण साधारण एका वाक्यात.

संध्या_लोकल

येतो की दुर्योधन! आश्रमवासिक पर्व. गंगेच्या काठी व्यास एका रात्रीपुरते सगळे मेलेले पाण्यातून वर आणतात. दुर्योधन, कर्ण, अभिमन्यू, सगळे. वैर विसरून एकमेकांना भेटतात आणि पहाटे परत जातात.

गावठी_विंदाळू

एका रात्रीपुरते. पहाटे परत! अकरा अक्षौहिणी नव्या कोऱ्या घेऊन नव्हे.

जायफळ

हाहा. हा सामना गोव्याने जिंकला.

रेची_सावली

मी इथे नवीन आहे, वाचनमात्र असते, पण आज लिहिते. २०१५ चा भाग आला तेव्हा मी सहावीत होते, नाशिकला थिएटरमध्ये पहिल्यांदा स्टार वॉर्स पाहिला. आधीचं काहीही माहीत नव्हतं. रे नावाची एक मुलगी एकटी राहते, भंगार विकून पोट भरते, भिंतीवर रोज एक रेघ ओढते आणि कोणीतरी परत येईल याची वाट बघते. शेवटी तलवार बर्फात पडलेली असते, तो तिच्यापेक्षा दांडगा पोरगा तिला खेचत असतो, आणि ती त्याच्या कानाजवळून उडून तिच्या हातात येते. माझ्या शेजारची अनोळखी बाई ओरडली. मीही ओरडले.

तुम्हा सगळ्यांना गोष्ट १९८३ साली संपलेली हवी आहे, कारण तेव्हा तुम्ही लहान होतात. माझी सुरू झाली २०१५ ला. माझ्यासाठी 'पुढचा भाग' म्हणजे खरं तर तुमचे सगळे जुने भाग, मी ते नंतर मागे जाऊन पाहिले.

एवढंच. शिव्या द्यायच्या असतील तर सौम्य द्या.

मोगरा_उशिरा

शिव्या कसल्या देतेस बाई, बस, चहा घे. चांगलं लिहिलंस.

फलाट_पाच

@रेची_सावली, हा आतापर्यंतचा सगळ्यात टोचणारा प्रतिसाद आहे, मनापासून. माझी लेक तुझ्याहून लहान आहे, आणि मी तिला क्रमाने दाखवले म्हणून तिला सहाव्यानंतर संपल्यासारखं वाटलं. सातवा आधी दाखवला असता तर कदाचित 'का?' विचारलंच नसतं.

काळी_पाटी

आता माझा मुद्दा, आणि हा थोडा लांबेल.

सातव्या-आठव्या-नवव्या भागांवर सर्वांत लोकप्रिय आक्षेप असा की आधी आराखडा नव्हता, तिघांनी तीन दिशांना ओढलं. सातवा जे. जे. अब्रॅम्सचा, आठवा रायन जॉन्सनचा, नववा कॉलिन ट्रेव्होरोचा होणार होता, तो २०१७ च्या सप्टेंबरात बाहेर पडला आणि अब्रॅम्सला परत बोलावलं. लुकासने कंपनी विकताना स्वतःच्या पुढच्या भागांची टिपणं दिली होती, ती वापरली नाहीत. डिस्नेच्या बॉब आयगरने स्वतःच्याच आठवणींत लिहिलंय की हे कळल्यावर लुकास दुखावला होता. सगळं खरं.

पण जुन्या तिघांना तरी कुठे आराखडा होता? दुसऱ्या भागाची पहिली पटकथा लेह ब्रॅकेट या बाईंनी लिहिली, जुन्याजाणत्या विज्ञानकथा लेखिका. १९७८ च्या सुरुवातीला त्यांनी ती सुपूर्द केली आणि मार्चमध्ये कर्करोगाने गेल्या. त्या पटकथेत ल्यूकचा बाप भूत होऊन ल्यूकला भेटायला येतो. व्हेडर वेगळा, बाप वेगळा! साऱ्या जगाला माहीत असलेलं ते सत्य पहिला भाग प्रदर्शित होऊन वर्ष होत आलं तरी कागदावर नव्हतं. पुढच्या मसुद्यात लुकासने दोघांना एक केलं. लॉरेन्स कॅसडनने मग संवाद घासूनपुसून घेतले. शूटिंगच्या दिवशीसुद्धा प्राउजला खोटं वाक्य दिलं होतं, 'ओबी-वानने (ल्यूकच्या गुरूने) तुझ्या बापाला मारलं', आणि खरं काय ते हॅमिलच्या कानात ऐनवेळी सांगितलं. लेया ही ल्यूकची बहीण आहे हे तर तिसऱ्या भागापर्यंत ठरलंच नव्हतं. दुसऱ्यात ती त्याचं चक्क चुंबन घेते. संगीतकार जॉन विल्यम्सला पहिल्या भागाच्या वेळी ही भावंडं आहेत याचा पत्ताच नसल्यामुळे त्याने लेयाची धून प्रेमिकेसारखी लिहिली.

म्हणजे आराखडा नव्हता हे कारण होऊ शकत नाही. मग फरक कुठे पडला?

मला वाटतं फरक टाक्याचा आहे. गोधडी शिवताना एकीने घातलेला टाका दुसरी उसवत नाही, तिथूनच दोरा पुढे नेते. ब्रॅकेटबाईंचा बाप भूत होता, लुकासने तो काढला नाही, फिरवला. हॅनला गोठवतात त्या वेळी लेया म्हणते माझं तुझ्यावर प्रेम आहे, आणि तो फक्त म्हणतो, 'ठाऊक आहे.' हे कागदावर नव्हतं. हॅरिसन फोर्ड आणि दिग्दर्शक अर्विन कर्शनर यांनी सेटवर ठरवलं. पण पुढच्या भागात हेच वाक्य उलटून आलं, या वेळी लेया म्हणते 'ठाऊक आहे'. कोणीतरी मागचं नीट वाचत होतं.

आता आठवा आणि नववा बघा. आठव्यात ल्यूक हातात आलेली तलवार खांद्यावरून मागे भिरकावतो. नवव्यात त्याचं भूत तीच तलवार झेलतं आणि जेडीच्या, म्हणजे फोर्स जाणणाऱ्या योद्ध्याच्या, शस्त्राचा मान राखावा असं सुनावतं. आठव्यात रेचे आईबाप कोणीच नव्हते, दारूसाठी पोरीला विकणारे भंगारवाले. नवव्यात ती सम्राटाची नात. दोन सिनेमे एकमेकांची चूक दुरुस्त करत बसलेत, आणि तीही पैसे घेऊन, आपल्यासमोर.

रेची_सावली

ते आईबापांचं मलाही अजून लागतं. कोणाचीच नसलेली मुलगी होती तोवर ती माझी होती. राजघराण्यातली निघाली आणि मग नेहमीसारखंच झालं सगळं.

संध्या_लोकल

कर्णाचंही तेच झालं गं. सूतपुत्र होता तोवर आपला होता.

खटपट_नाही_खटपट्या_रोटो _(नाव बदलून घेतलं, धागाकर्त्यांच्या कृपेने)_

काळी_पाटींना एक पुरवणी. नवव्यात लेया आहे, पण कॅरी फिशर २०१६ च्या डिसेंबरात गेली होती. सातव्या भागातलं न वापरलेलं चित्रण घेऊन तिच्याभोवती प्रसंग लिहिले. म्हणजे आधी तिचं वाक्य, मग समोरच्याने काय म्हणावं ते. आम्ही मंडळी प्रेत उठवण्यात पटाईत आहोत, पण तो भाग पाहताना मला माझ्याच धंद्याची थोडी भीती वाटली. जेम्स अर्ल जोन्सने जाण्याआधी आपला आवाज यंत्राने पुन्हा तयार करायला परवानगी दिली होती. तो २०२४ मध्ये गेला. व्हेडर आता कधीच संपणार नाही. 'नुसता आवाज' म्हणणाऱ्याचाच आवाज उरला.

गावठी_विंदाळू

माझं मत: पुढे नको, आत जा. १९७७ च्या सुरुवातीला पडद्यावर वर सरकणाऱ्या मजकुरात एक ओळ आहे, की बंडखोरांच्या हेरांनी नकाशे चोरले. त्या एका ओळीवर २०१६ साली 'रोग वन' काढला. त्यातल्या एका हेरावर 'अँडोर' ही मालिका, दोन मोसमांचे चोवीस भाग, २०२२ आणि २०२५. ना लाईटसेबर, ना कोणाचा हरवलेला बाप. कारकून, तुरुंग, संप, हप्ते भरणारे लोक. साम्राज्य म्हणजे रोजच्या जगण्यात नेमकं काय, ते मला त्यात पहिल्यांदा कळलं. आणि शेवट आधीच ठाऊक असल्यामुळे कोणाला काही उसवायची सोयच नाही.

मोगरा_उशिरा

+१. आणि नऊही भागांत बदलला नाही असा एक कारागीर, जॉन विल्यम्स. १९७७ ते २०१९, बेचाळीस वर्षं. बाकी दिग्दर्शक आले, गेले, भांडले. मी तर नववा भाग डोळे मिटून पुन्हा 'पाहिला'. बरा आहे.

फलाट_पाच

मौसलपर्व वाचून झालं. संध्याताई, हरलो. गोष्ट चितेपाशी संपत नाही हे मान्य. पण एक बघा, मौसलात जे मोडतं ते गांधारीच्या शापाने मोडतं, आणि तो शाप आधीच, स्त्रीपर्वात, त्या चितांपाशीच दिलेला आहे. म्हणजे पुढच्या पर्वाचं बी मागच्यात पडलेलं होतं. सातव्या भागात सगळं मोडलेलं दिसतं, पण का मोडलं त्याचं बी सहाव्यात मला सापडत नाही. पुढच्या वेळी लेकीने विचारलं तर एवढं सांगेन.

जायफळ

ते सगळं ठीक. पण धागाकर्ते, मूळ प्रश्न राहिलाच. चाळीतल्या पोरांनी गच्चीवर दुसरा भाग रचला होता तो काय होता? ते सांगितल्याशिवाय धागा वर आणत राहणार.

फलाट_पाच

सांगतो, हसू नका.

हॅन दगड कसा झाला, यावर दोन पक्ष होते. एका पक्षाचं म्हणणं, स्टेशनमागच्या बर्फाच्या कारखान्यासारख्या जागी त्याला लादीत घातला. (हे बऱ्यापैकी जवळ आलं होतं, नंतर कळलं.) दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, बिल्डरने पायात सिमेंट भरलं. तेव्हा आमच्या मागे पहिला टॉवर उठत होता.

पण खरा घोटाळा व्हेडरचा. आमचं सगळ्यांचं मराठी माध्यम, फक्त तळमजल्यावरचा एक मुलगा कॉन्व्हेंटात, तोच दुभाष्या. तिसऱ्या भागात तो हिरवा म्हातारा योडा मरताना ल्यूकला व्हेडरबद्दल काहीतरी सांगतो, त्यात 'फादर' शब्द येतो. आम्ही टेप थांबवून विचारलं, काय म्हणाला? आमचा दुभाष्या शांतपणे म्हणाला, "तो फादर आहे. आमच्या शाळेत असतो तसा." काळा पायघोळ झगा, सगळे त्याला टरकून, कोणाशी हसत नाही. आम्हाला लगेच पटलं. मग दुसऱ्या भागाची गोष्ट आपोआप जुळली: ल्यूक त्याच्या शाळेत होता, त्याने काहीतरी मोठी मस्ती केली, फादरने हात कापला. पुढे पूर्ण एक वर्ष आमच्यापैकी कोणी त्या कॉन्व्हेंटच्या भिंतीपलीकडे गेलेला चेंडू आणायला गेलं नाही.

दुसरा भाग शेवटी १९९३ साली मामाकडे पुण्याला पाहिला. व्हेडरचं 'मी तुझा बाप आहे' हे वाक्य आलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो आणि मामाच्या फोनवरून डोंबिवलीला ट्रंक कॉल... नाही, एसटीडी लावला, त्या दुभाष्यालाच. तो म्हणाला, "अरे, मला माहीत होतं. तुमची गोष्ट मस्त चालली होती, म्हणून बोललो नाही."